‘अल्फा’ : लांडग्याच्या पिंजऱ्यातून घरच्या कुत्र्याच्या मानगुटीवर बसलेला एक शब्द

१/
२०२२ साली अमेरिकेत एका पुस्तकाची छपाई थांबली. पुस्तक पडले नव्हते; पन्नास वर्षे ते छापले आणि वाचले जात होते. त्यावर बंदी आली नव्हती, कोणी खटलाही भरला नव्हता. छपाई थांबवावी अशी विनवणी खुद्द लेखकच प्रकाशकाकडे कित्येक वर्षे करीत होता. पुस्तकाचे नाव ‘द वुल्फ’. लेखक डेव्हिड मीच, लांडग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. त्यांना खटकत होती ती त्या पुस्तकाने जगभर पोहोचवलेली एक कल्पना : कळपाचा ‘अल्फा’, म्हणजे लढून, इतरांना दाबून सत्तेवर आलेला म्होरक्या.

२/
लांडग्यांविषयीची ही चूक जंगलातच राहिली असती तर तिची किंमत थोडी होती. पण ती घराघरांत शिरली. कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगा. लांडग्यांत सत्तेची झुंज चालते. म्हणून घरातला कुत्राही मालकाची गादी बळकावू पाहतो, असा तर्क लढवला गेला. मग उपदेश सुरू झाले : कुत्र्याच्या आधी जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, पलंगावर चढू देऊ नका, आणि तो गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरा. श्वानप्रशिक्षणाच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या तर्काइतके नुकसान क्वचितच दुसऱ्या एखाद्या विचाराने केले असेल. तो आला कोठून, आणि खोटा ठरूनही टिकला कसा?

३/
या कथेचा आरंभ लांडग्यांच्याही आधी, जर्मनीत होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पोलिसांनी गस्तीसाठी आणि माग काढण्यासाठी कुत्रे शिकवायला घेतले. कोनराड मोस्ट हे त्यांतले एक अधिकारी. १९१० साली त्यांनी श्वानप्रशिक्षणावर पुस्तक लिहिले. माणूस आणि कुत्रा यांच्या जोडीत श्रेष्ठ कोण, हे शारीरिक बळानेच ठरते, असे त्यांचे मत होते. टोचणारा पट्टा, छडी, दोरीचा हिसका ही त्यांची साधने. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने कुत्र्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला आणि ही पद्धत लष्करी शिस्तीचा भाग बनली.

४/
मोस्ट यांना निव्वळ क्रूर म्हणून निकालात काढणे मात्र अन्यायाचे होईल. कुत्र्याला माणसासारखी नीती-अनीती कळते असे समजू नका, हे त्यांनी बजावून सांगितले. बक्षीस असो वा शिक्षा, ती कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे. उशीर झाला की कुत्र्याला तिचा अर्थ लागत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. फाटलेली चप्पल संध्याकाळी कुत्र्याच्या नाकासमोर धरून त्याला मारणारा मालक आजही हा धडा विसरतो. कुत्रा तेव्हा अंग चोरतो, कान पाडतो. मालकाला वाटते, याला गुन्हा कळला. प्रत्यक्षात त्याला कळलेला असतो मालकाचा चढलेला आवाज.

५/
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही लष्करी कुत्रे तयार केले. युद्ध संपल्यावर त्यांचे प्रशिक्षक नागरी जीवनात परतले आणि घरगुती कुत्र्यांचे वर्ग घेऊ लागले. त्यांच्याबरोबर छावणीची शिस्तही शहरांत आली. या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध नाव विल्यम कोलर. १९६२ सालचे त्यांचे पुस्तक अफाट खपले. अंगणात खड्डे उकरणाऱ्या कुत्र्यावर त्यात सांगितलेला उपाय असा : तोच खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवावे. कुत्रा खड्डा का उकरतो, हा प्रश्न या परंपरेला फारसा पडला नाही. प्रश्न एकच होता : तो ऐकतो की नाही?

६/
बळाच्या या पद्धतीला शास्त्राचे पाठबळ मिळाले ते वेगळ्याच दिशेने, आणि त्याची पहिली पायरी होती कोंबड्यांची. नॉर्वेचे थॉर्लेफ शेल्डरुप-एब्बे लहानपणापासून खुराड्यातील कोंबड्या न्याहाळत आले होते. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाचे टोचणे मुकाट सोसते, याचा एक ठरलेला क्रम असतो, हे त्यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मांडले. ‘टोचण्याचा क्रम’ ही कल्पना विद्वानांना इतकी भावली, की पुढे प्रत्येक प्राण्यात असा वरपासून खालपर्यंतचा क्रम शोधण्याची लाटच आली.

७/
स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी हाच क्रम लांडग्यांत पाहिला. त्यांचा प्रबंध १९४७ साली प्रसिद्ध झाला. कळपात एक नर आणि एक मादी सर्वांच्या वर असतात, त्यांना आपले स्थान सतत राखावे लागते, असे त्यांनी नोंदवले आणि या जोडीसाठी ‘अल्फा’ हे ग्रीक वर्णमालेतील पहिले अक्षर वापरले. शेंकेल यांचे निरीक्षण बारकाईचे होते. कानांची ठेवण, शेपटीचा कोन, ओठांची हालचाल यांच्या त्यांनी केलेल्या नोंदी आजही मोलाच्या मानल्या जातात. उणीव डोळ्यांत नव्हती, जागेत होती.

८/
ती जागा सुमारे १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब. तेवढ्यात दहापर्यंत लांडगे. मोकळ्या रानात एका कळपाचा वावर शेकडो चौरस किलोमीटरांचा असू शकतो आणि न पटणारा लांडगा सरळ निघून जातो. पिंजऱ्यात निघून जाण्याची सोय नसते. शिवाय त्या काळी बंदिस्त कळप बहुधा परस्परांशी नाते नसलेल्या प्राण्यांचे जमवलेले असत. अशा जमावात मारामारी होणारच. तुरुंगातील बराकीत मुक्काम करून कोणी ‘माणसांची कुटुंबव्यवस्था’ या विषयावर ग्रंथ लिहावा, तशातली ही गोष्ट झाली.

९/
इतिहासाचा विरोधाभास असा, की खरे चित्र आधीच छापून आले होते. अलास्कातील माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यानात (आजचे डेनाली) लांडगे रानमेंढ्या संपवत आहेत की काय, हे तपासण्यासाठी अ‍ॅडॉल्फ म्युरी १९३९ ते १९४१ या काळात रानोमाळ हिंडले. एका गुहेसमोर तासन्‌तास बसून त्यांनी पाहिले ते एक कुटुंब होते : आई, बाप, पिल्ले आणि पिल्लांची राखण करणारे आणखी काही मोठे लांडगे. त्यांच्या मनावर सर्वांत ठसली ती या प्राण्यांची आपसांतील मैत्री. त्यांचा अहवाल १९४४ साली, म्हणजे शेंकेल यांच्या तीन वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. पण सत्तासंघर्षाच्या कथेपुढे शांत कुटुंबाची कथा फिकी पडली.

१०/
१९७० साली डेव्हिड मीच यांचे ‘द वुल्फ’ आले. तोवर लांडग्यांवर जे काही संशोधन झाले होते, ते त्यांनी एकत्र गुंफले. त्यात शेंकेल यांचा ‘अल्फा’ही होता. त्या वेळच्या उपलब्ध ज्ञानानुसार ते रास्तच होते. लांडगा म्हणजे संपवण्याजोगे श्वापद, ही अमेरिकेतील समजूत बदलायला या पुस्तकाने मोठा हातभार लावला. पण एक शब्द त्याबरोबर प्रयोगशाळेच्या बाहेर पडला आणि सामान्य वाचकाच्या तोंडी बसला. लेखकाच्या हातून तो तेव्हाच सुटला होता. हे कळायला मात्र काही वर्षे जावी लागली.

११/
हा शब्द कुत्र्यांवर थेट लागू करणाऱ्यांत न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट मठाचे ख्रिस्ती साधू अग्रणी होते. ते जर्मन शेफर्ड वाढवीत. १९७८ साली आलेले त्यांचे पुस्तक अनेक बाबतींत प्रेमळ आहे; कुत्र्याला सोबती मानणारे आहे. पण त्यातच बंडखोर कुत्र्याला उलटा पाडून, मानगूट धरून, नजरेला नजर भिडवून दाबण्याची रीत सांगितली होती. पुढे ती ‘अल्फा रोल’ म्हणून ओळखली गेली. अल्फा लांडगा दुर्बळाला असाच लोळवतो, अशी त्यामागील समजूत होती. आता बळाचा वापर केवळ शिस्त उरला नाही. तो ‘निसर्गनियम’ ठरला.

१२/
याच सुमारास कुत्र्याच्या शिकण्याविषयीचा एक दुसरा प्रवाह वाहत होता आणि तो पिंजऱ्यातील लांडग्यांहून जुना होता. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरे आणि कुत्री खटका असलेल्या पेट्यांत ठेवली. बाहेर खाणे. प्राणी धडपडे, योगायोगाने खटका दाबला जाई, दार उघडे. पुढच्या खेपांना वेळ घटत जाई. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पक्की होत जाते, हा नियम त्यांनी काढला. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह पचनाचा अभ्यास करीत होते. १९०४ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. अन्न येण्याआधी, त्याच्या नुसत्या चाहुलीनेच त्यांच्या कुत्र्यांना लाळ सुटू लागली होती. एका गोष्टीमागून दुसरी येते, हे जुळवण्यात कुत्रा किती तरबेज असतो, हे त्यातून जगाला समजले.

१३/
या दोन शोधांची सांगड घरच्या कुत्र्याशी घालून दिली बी. एफ. स्किनर यांनी. १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील एका लेखात त्यांनी सामान्य वाचकाला प्राणी शिकवण्याची रीत सांगितली. आधी एक बारीक आवाज निवडायचा. मुलांच्या खेळण्यातील टिकटिक वाजणारी पत्र्याची डबी चालेल. तो आवाज आला की खाऊ मिळतो, हे कुत्र्याला उमगू द्यायचे. मग हवी ती कृती घडताक्षणी डबी वाजवायची. खाऊ पोहोचायला दोन क्षण लागले तरी बिघडत नाही. आवाजाने तो नेमका क्षण कुत्र्यासाठी अधोरेखित केलेला असतो. मोस्ट यांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखलेले वेळेचे मर्म येथे छडीवाचून साधले गेले.

१४/
स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड या दांपत्याने हीच विद्या व्यवसायात आणली. कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत असंख्य प्राणी त्यांनी जाहिराती आणि खेळांसाठी तयार केले. पण १९६१ साली त्यांनीच आपल्या गुरूच्या सिद्धांताची मर्यादा प्रामाणिकपणे मांडली. पेटीत नाणे टाकायला शिकवलेला रॅकून दोन नाणी हाती येताच ती टाकेना, एकमेकांवर घासत बसे. जणू ओढ्यातले भक्ष्य धूत आहे. डुकरे नाणे मुस्कटाने उकरू लागली. बक्षीस कितीही दिले तरी जातीचा स्वभाव डोके वर काढतोच. मराठी म्हणीतले नळीत घातलेले कुत्र्याचे शेपूट आपल्यालाही हेच सांगते.

१५/
श्वानपालकासाठी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. खड्डे उकरणे, वास घेत रेंगाळणे, अनोळखी चाहुलीवर भुंकणे, धावत्या सायकलीमागे पळणे ही बंडाची निशाणे नव्हेत. हजारो पिढ्यांच्या वारशाची आहेत. ती मारून पुसता येत नाहीत. त्यांना वाट करून देता येते : उकरायला अंगणाचा एक कोपरा, हुंगायला फिरण्याचा सावकाश वेळ, चावायला हाडूक. कोलर यांच्या पाणी भरलेल्या खड्ड्याला ब्रेलँड दांपत्याने दिलेले उत्तर असे वाचता येते.

१६/
तिसरी कडी समुद्रातून आली. १९६३ च्या सुमारास हवाई बेटांवरील ‘सी लाइफ पार्क’मध्ये कॅरन प्रायर यांच्याकडे डॉल्फिन शिकवण्याचे काम आले. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला छडीचा धाक दाखवता येत नाही. रुसला तर तो तळाशी जाऊन बसतो. तेथे शिट्टी आणि मासा यांवाचून दुसरे साधनच नव्हते; आणि त्याच्या जोरावर डॉल्फिन विलक्षण कसरती शिकले. मग कुत्र्यालाच बळ का? १९८४ साली प्रायर यांनी हा प्रश्न पुस्तकरूपाने विचारला आणि पुढच्या दशकात टिकटिक डबी हजारो श्वानवर्गांत पोहोचली.

१७/
शिकवायचे कसे, याबरोबर शिकवायचे केव्हा, हाही प्रश्न होता. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. तेथेच झालेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. काही पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढवली आणि निरनिराळ्या वयांत माणसांत आणली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणूस भेटला नाही, ती पिल्ले रानटी प्राण्यांसारखी बुजरी झाली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांतला तो काळ म्हणजे जगाशी ओळख करून घेण्याची उघडी खिडकी.

१८/
या शोधाने रूढ पद्धतीतील एक दोष उघडा पाडला. जुने वर्ग सहा महिन्यांखालचा कुत्रा घेत नसत. कारण सरळ होते : गळा आवळणाऱ्या साखळीचा हिसका कोवळ्या मानेला सोसत नाही. म्हणजे साधन हिंसक असल्यामुळे शिकण्याचा सर्वोत्तम काळच वाया जात होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने कॅलिफोर्नियात पिल्लांसाठीच वर्ग उघडले. पट्टा सोडलेला, हातात खाऊ, भोवती इतर पिल्ले आणि माणसे. ‘बस’, ‘ये’ हे शब्द पिल्लू खेळता खेळता शिके. दातांचा जोर किती लावावा, हेही ते भावंडांबरोबर चावाचावी करताना शिकते. ही शिकवण चुकलेला कुत्रा मोठेपणी अधिक धोक्याचा ठरतो.

१९/
आता पुन्हा लांडग्यांकडे. ‘अल्फा’ शब्द देणारे शेंकेल स्वतः थांबले नव्हते. १९६७ साली त्यांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या नमते घेण्यावर नवा प्रबंध लिहिला. कान मागे, अंग खाली, वरिष्ठाचे तोंड चाटणे. या हावभावांचे मूळ पिल्लाने आईबापाकडे खाऊ मागण्यात आहे, असे त्यांनी दाखवले. नमणे हे लहानाने आपणहून केलेले आर्जव आहे. मोठ्याने जबरदस्तीने लोळवून मिळवलेली ती शरणागती नव्हे. म्हणजे ‘अल्फा रोल’ जन्माला येण्याच्या अकरा वर्षे आधीच त्याचा पाया ढासळला होता. पण तो प्रबंध विद्वानांच्या नियतकालिकात होता आणि श्वानपालक विद्वानांची नियतकालिके वाचत नाहीत.

२०/
१९८६ पासून डेव्हिड मीच कॅनडाच्या अतिउत्तरेतील एल्समिअर बेटावर प्रत्येक उन्हाळ्यात जाऊ लागले. तेथील लांडग्यांनी माणसाची बंदूक फारशी पाहिली नव्हती. ते त्यांना अगदी जवळ बसू देत. तेरा उन्हाळ्यांच्या निरीक्षणांनंतर १९९९ साली त्यांनी आपलाच जुना शब्द खोडला. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांतली मुले. म्होरके लढून झालेले नसतात, आईबाप झाल्यामुळे म्होरके असतात. मुले मोठी झाली की घर सोडून आपला संसार थाटतात. काही मोठ्या, गुंतागुंतीच्या कळपांत श्रेष्ठत्वाचा क्रम दिसू शकतो, हे त्यांनी नाकारले नाही. पण सामान्य कळपात ‘अल्फा’ म्हणणे हे एखाद्या घरातल्या आईबापांना ‘अल्फा’ म्हणण्यासारखेच आहे.

२१/
त्यातही कुत्रा हा आजचा लांडगा नव्हेच. दोघांचे पूर्वज एक, पण वाटा हजारो वर्षांपूर्वी फुटल्या. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ साली सापडलेल्या सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा आहे. त्या अल्पवयीन कुत्र्याच्या दातांवर गंभीर आजाराच्या खुणा आहेत. अनेक आठवडे कोणी शुश्रूषा केल्याशिवाय तो इतका जगला नसता, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याचा इतका जुना पुरावा सत्तेचा नाही. आजारी पिल्लाच्या सेवेचा आहे.

२२/
बळाच्या पद्धतीचा ताळेबंद २००९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी मांडला. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी विचारले : काय काय करून पाहिले आणि कुत्रा कसा वागला? मारणे वा लाथ घालणे हा उपाय करणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांवर कुत्रा उलटला होता. ‘अल्फा रोल’ करणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के, तर डोळे वटारून पाहणाऱ्यांत ३० टक्के होते. कुत्रा सत्ता बळकावत नव्हता. घाबरलेला प्राणी स्वतःला वाचवत होता. अमेरिकेतील प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने त्याआधीच, २००८ साली, वर्चस्वाच्या सिद्धांतावर आधारलेल्या उपायांविरुद्ध सावध केले होते.

२३/
हे आकडे कुत्र्यांपुरते नाहीत; त्यांत माणसांचे हात, चेहरे आणि मुले आहेत. कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सांगत असतो. तोंड फिरवणे, झोप नसता जांभई, खाणे नसता ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, मग अंग ताठणे, मग गुरगुरणे. शेपूट हलली म्हणजे तो खूश आहे, असेही नाही. ताठ, उंच शेपटीची आखूड थरथर हा इशारा असतो. गुरगुरल्याबद्दल मार बसलेला कुत्रा शांत होत नाही, इशारा देणे सोडतो. आणि मग घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला!’

२४/
भारतात हा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेरही आहे, कारण येथे गल्लीचा कुत्रा ना पाळीव, ना रानटी. त्याच्यावर कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोलाचे काम केले आहे. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडल्यावर भटक्या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्याने अधिक दृढ झाला. २०२० च्या अभ्यासात, जवळ येण्याचे धाडस केलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी माणसाने बोट दाखवलेले भांडे निवडले. कोणीही न शिकवलेला, लाथा-दगड खाऊन वाढलेला प्राणी माणसाचे बोट वाचतो. आपण मात्र त्याचे कान आणि शेपूट वाचायला मुलांना शिकवत नाही.

२५/
मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्राडॉर मराठी वाचकांना आठवत असेल. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याने हुडकलेल्या स्फोटकांनी असंख्य जीव वाचले. २००० साली त्याला मानवंदनेसह निरोप दिला गेला. वास घेण्याचे हे काम वर्चस्वाच्या सिद्धांताला सर्वांत चोख उत्तर देते. कुत्र्याला बसवता येते, ओढता येते, दाबता येते. पण धाक दाखवून त्याच्याकडून हुंगून घेता येत नाही. शोधण्यात त्याला स्वतःला गोडी वाटावी लागते. म्हणून जगभर शोधक कुत्र्यांच्या शिक्षणात आवडता चेंडू किंवा खाऊ हाच मेहनताना असतो.

२६/
मग चूक इतकी का टिकली? ती सोपी होती, म्हणून. ‘तू म्होरक्या हो’ हे एका वाक्यात सांगता येते. वेळ साधणे, बक्षीस देणे, इशारे वाचणे याला धीर लागतो. शिवाय बळाचा परिणाम तत्काळ दिसतो : दाबलेला कुत्रा निपचित पडतो आणि भीतीलाच आज्ञाधारकपणा समजले जाते. न्यू स्कीटच्या साधूंनी २००२ च्या आवृत्तीत ‘अल्फा रोल’ मागे घेतला. चुकीची अशी जाहीर कबुली दुर्मिळ असते. तरी दोनच वर्षांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय मालिकेने ‘कळपाचा नेता’ पुन्हा दिवाणखान्यात आणला.

२७/
या सगळ्या इतिहासातून उरणारा धडा मूठभर आहे. हवी ती कृती घडताक्षणी टिपा आणि तिचे फळ गोड करा. एका कृतीला घरात सर्वांनी एकच शब्द वापरा. स्वयंपाकघरात शिकलेले ‘बस’ रस्त्यावर पुन्हा शिकवावे लागते, कारण कुत्र्यासाठी जागा बदलली की धडाही बदलतो. नको ती कृती घडण्याची संधीच कमी करा. चप्पल उचलून ठेवणे हेही प्रशिक्षणच. पिल्लाला लहानपणीच पशुवैद्याच्या सल्ल्याने माणसे, मुले, वाहने, आवाज यांची हळुवार ओळख करून द्या. आणि गुरगुर ऐकली की हात उगारण्याऐवजी एक पाऊल मागे घ्या आणि कारण शोधा.

२८/
‘अल्फा’ हा शब्द आज कुत्र्यांपुरताही उरलेला नाही. कचेऱ्यांत, चित्रपटांत, तरुणांच्या बोलण्यात तो पौरुषाचे बिरुद म्हणून मिरवतो. दहा बाय वीस मीटरच्या आवारात कोंडलेल्या काही लांडग्यांच्या कुचंबणेतून तो जन्मला, हे मिरवणाऱ्यांना ठाऊक नसते. ज्या संशोधकाने तो जगभर नेला, त्याने रानात जाऊन, तेरा उन्हाळे थंडीत बसून आपली चूक शोधली, लिहून मान्य केली आणि स्वतःचे गाजलेले पुस्तक बंद करवले. यायला बावन्न वर्षे लागली तरी ती दुरुस्ती आता आली आहे. घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत ती पोहोचवणे एवढेच काम उरले आहे.

(धागा समाप्त)